गरम देशातलं गार इंजिन

मे महिन्यात कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढताना बॉनेट उघडून कडेला उभ्या राहिलेल्या गाड्या आजही दिसतात. रेडिएटरमधून वाफ निघत असते, कुणीतरी हातात पाण्याची बाटली घेऊन उभं असतं, आणि थोड्या वेळाने जवळच्या गॅरेजमधून आलेला मेकॅनिक जो सल्ला देतो तो बहुधा ठरलेला असतो: थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे त्याची गरजच नाही. हा सल्ला देणारा माणूस फसवत नसतो. त्याच्या उस्तादाने त्याला हेच शिकवलेलं असतं, आणि थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी तापायची थांबते हे त्याने स्वतः पुष्कळदा पाहिलेलं असतं. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. आरोपी कोण हे न तपासता समोर दिसेल त्याला घराबाहेर काढण्याचा हा प्रकार आहे. थर्मोस्टॅट खरोखर बिघडला आहे की नाही याचा पुरावा बहुतेक गाड्यांत एखाद्या सकाळी अर्ध्या-पाऊण तासात मिळू शकतो. काटा किती वर गेला यापेक्षा तो कधी वर गेला, कशामुळे गेला आणि कशामुळे खाली आला यात तो पुरावा असतो. एका वाक्यात सांगायचं तर इंजिनाच्या तापाची चाल पाहायला हवी.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. मुठीत मावेल एवढी धातूची झडप, तिच्यामागे स्प्रिंग, आणि मधोमध पितळेची किंवा तांब्याची एक छोटी कुपी. कुपीत मेण भरलेलं असतं. मेण वितळताना फुगतं, फुगताना एका बारीक दांड्याला रेटतं आणि स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते. मेण थिजलं की स्प्रिंग झडप पुन्हा बसवते. वीज नाही, वायर नाही. कोणत्या तापमानाला उघडायचं ते मेणाच्या घडणीवर ठरतं आणि तो आकडा बहुतेक वेळा थर्मोस्टॅटच्या अंगावरच कोरलेला असतो: ८२, ८८ किंवा त्याच्या आसपासचे अंश सेल्सिअस. त्या आकड्याला झडप उघडू लागते आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडते. झडप बंद असते तोवर कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरतं, उघडली की रेडिएटरकडे जातं. जळलेल्या इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, साधारण तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली बरीचशी उष्णता या कूलंटला वाहून न्यावी लागते. ती किती आणि कधी वाहून न्यायची हे ही मेणाची कुपी ठरवते.

मोटारगाडी जन्मली तेव्हा हे नव्हतं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये थर्मोस्टॅट तर नव्हताच, पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं आणि गार पाणी खाली उतरायचं, तेवढ्यावर काम चाले. पुढे लवकर उडून जाणारा द्रव भरलेले धातूच्या भात्याचे थर्मोस्टॅट आले. पण भाता दाबाला संवेदनशील असतो, आणि कूलंट दाबाखाली ठेवायची पद्धत रुळल्यावर तो गोंधळू लागला. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी मेणाची कुपी वापरून हा प्रश्न सोडवला. मेण दाबाला जवळजवळ दाद देत नाही, तापमानालाच देतं. आज आपल्या गाड्यांत असलेला थर्मोस्टॅट मूळ कल्पनेने तोच आहे.

आता पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप. हा भाग थंड देशांसाठी आहे, बर्फात इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात त्याचं काय काम? ऐकायला हे पटतं. पण चंद्रपूरचा पारा ४६ वर गेला तरी तो ८८ पेक्षा ४२ अंशांनी खालीच आहे. इंजिनाच्या दृष्टीने जानेवारीतलं निफाड आणि मे महिन्यातलं चंद्रपूर ही दोन्ही गावं थंडच. एक जास्त थंड, दुसरं कमी. चांगला रेडिएटर, त्याच्यावर आदळणारा वारा आणि सतत वाहणारं कूलंट असेल तर ४० अंशांच्या हवेतही हायवेवर सावकाश चालणारं इंजिन ६०-७० अंशांवर गारठून राहू शकतं. गरम प्रदेशात त्याला गरम व्हायला वेळ कमी लागतो एवढं खरं. पण थर्मोस्टॅटचं काम इंजिन पहिल्यांदा गरम करून संपत नाही. उतारावर, हायवेवर, पावसात, रात्रीच्या गारव्यात त्याला त्या ठरलेल्या तापमानाजवळ धरून ठेवणं हे त्याचं रोजचं काम आहे.

मग उस्तादांनी हे शिकवलं कसं? त्यालाही कारण होतं, आणि ते समजून घेतल्याशिवाय त्यांच्यावर टीका करणं अन्यायाचं ठरेल. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात रेडिएटरमध्ये विहिरीचं नाहीतर बोअरचं साधं पाणी घालत. त्यातले क्षार आत थर धरत, लोखंडी ब्लॉक गंजे, तो गंज आणि चिखल थर्मोस्टॅटच्या झडपेवर बसून ती अडकून पडे. चांगला नवा थर्मोस्टॅट तालुक्याच्या गावी मिळेलच असं नसे. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला आपण गार आहोत की गरम हे कळण्याची फारशी सोयही नव्हती. चोक ओढायचा आणि ढकलायचा, एवढंच. त्या परिस्थितीत बंद अडकून हेड वाकवणारी वस्तू काढून ठेवणं हा व्यवहारी निर्णय होता. आज मात्र गाडीत कूलंट असतं, पार्ट मिळतो, आणि इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, दर क्षणाला तापमान वाचून त्यावर निर्णय घेत असतो. परिस्थिती बदलली आणि तोडगा तोच राहिला.

गार इंजिनाची किंमत कुणी मोजत नाही, कारण ती वाफेसारखी डोळ्यांसमोर येत नाही. इंजिन गार आहे असा निरोप सेन्सरने दिला की ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो. थंड सिलिंडरमध्ये त्यातलं काही नीट वाफ न होता भिंतींवर बसतं आणि ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफ थंड भिंतींवर दवासारखी साचते आणि तीही ऑइलमध्ये मिसळते. सिलिंडरची झीज घर्षणापेक्षा या थंडीतल्या गंजाने किती वाढते, हे ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात झालेल्या संशोधनातून स्पष्ट झालं होतं. इंजिन थंड चालवलं की आम्लयुक्त ओलावा धातू खात राहतो. आपल्याकडे ‘अ‍ॅव्हरेज पडलं’ म्हणून इंजेक्टर साफ होतात, प्लग बदलले जातात, पेट्रोल पंपावर संशय घेतला जातो, आणि उघडा अडकलेला थर्मोस्टॅट तसाच राहतो. सीएनजीच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट आहे. टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला गॅस रिड्यूसरमध्ये एकदम मोकळा होतो तेव्हा तो कमालीचा गार पडतो, म्हणून रिड्यूसरभोवती इंजिनाचं गरम कूलंट फिरवतात. पुष्कळ किटमध्ये हे तापमान पुरेसं झाल्याखेरीज गाडी पेट्रोलवरून गॅसवर जातच नाही. मुंबई-पुण्यात गॅसच्या रांगेत तास काढून पैसे वाचवणाऱ्या माणसाची गाडी थर्मोस्टॅट नसल्यामुळे रोज सकाळी नको तितका वेळ पेट्रोलवर चालत असेल, तर त्याला ते कळायला हवं. डिझेलवाल्यांचं नुकसान आणखी मोठं. बीएस-६ डिझेल गाडीच्या डीपीएफ फिल्टरमध्ये साचलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, आणि इंजिन पुरेसं गरम नसेल तर ईसीयू ती प्रक्रिया सुरूच करत नाही. काजळी साचत जाते, दिवा लागतो, आणि बिल येतं ते थर्मोस्टॅटच्या कित्येक पट महाग असलेल्या फिल्टरचं.

काढून टाकण्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा मात्र वेगळाच आहे, आणि तो ऐकून बरेच जण चकित होतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन जास्त तापतं. थर्मोस्टॅट बंद असताना कूलंटला इंजिनात फिरायला एक आडवाट लागते, तिला बायपास म्हणतात. अनेक गाड्यांत थर्मोस्टॅटच्या मागच्या टोकाला दुसरी छोटी चकती असते. मुख्य झडप रेडिएटरची वाट उघडते तेव्हाच ही चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की दोन्ही वाटा कायमच्या उघड्या पडतात. पाण्याला सोपी वाट आवडते. गरम कूलंटचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाता बायपासमधूनच परत इंजिनात शिरतो. सपाटीवर हे जाणवत नाही. भरलेली गाडी, एसी चालू आणि घाटाची चढण असं एकत्र आलं की जाणवतं. ‘काढल्यावर तापायचं थांबलं’ हा अनुभव खोटा नाही, पण तो बहुतेक वेळा सपाटीवरचा असतो. शिवाय रेडिएटर अर्धा चोंदलेला असेल तर झडपेचा अडथळा गेल्याने थोडं जास्त पाणी वाहतं आणि मूळ दुखणं काही महिने झाकलं जातं, एवढाच त्याचा अर्थ.

तर प्रश्न निदानाचा आहे. थर्मोस्टॅट दोन तऱ्हांनी बिघडतो: बंद अडकतो किंवा उघडा अडकतो. पहिल्याने इंजिन तापतं, दुसऱ्याने गार राहतं. मधल्या छटाही असतात, म्हणजे उशिरा उघडणारा, अर्धवट उघडणारा, नीट न मिटणारा. कुपीच्या रबरी पडद्यातून मेण झिरपतं, स्प्रिंग थकते, गंजाचा कण झडपेच्या बैठकीत अडकतो. पण कारण काहीही असो, तापमानाची चाल बोलते. निरोगी गाडीत सकाळी इंजिन सुरू केल्यावर तापमान एकसारखं चढत जातं, थर्मोस्टॅटच्या आकड्याजवळ पोचल्यावर रेडिएटरमधलं गार पाणी आत येतं म्हणून किंचित खाली येतं, आणि मग एका पट्ट्यात स्थिर होतं. गाडी पळो की उभी राहो, त्यात थोडाच फरक पडतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर चढण मंद असते, ६०-७० च्या घरात रेंगाळते आणि तापमान वाऱ्याच्या तालावर नाचू लागतं: सिग्नलला उभं राहिलं की चढतं, हायवेला लागलं की पडतं, लांब उतारावर आणखी पडतं. थर्मोस्टॅट पूर्ण बंद अडकला असेल तर तापमान नेहमीच्या वेगाने चढतं, पण थांबायच्या ठिकाणी थांबत नाही. काही मिनिटांतच ते धोक्याच्या रेषेकडे जातं, मग गाडी पळत असो की पोर्चमध्ये नुसती चालू असो.

हाच निकष इतर संशयितांनाही लावता येतो. थर्मोस्टॅटला गाडीचा वेग ठाऊक नसतो, पंख्याला असतो. ट्रॅफिकमध्ये तापणारी आणि हायवेवर बरी होणारी गाडी पंख्याकडे, त्याच्या मोटरकडे, रिलेकडे बोट दाखवते. उलट, उभी असताना ठीक आणि चढणीवर किंवा १०० च्या वेगाला तापणारी गाडी चोंदलेल्या रेडिएटरची, झिजलेल्या पंपाची किंवा आत चिमटणाऱ्या होज पाइपची तक्रार करत असते. इंजिन सुरू केल्या-केल्या वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येत असतील आणि गळती न दिसता कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासायला हवं. आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं एक बटण इथे फार उपयोगी पडतं, ते म्हणजे हीटरचं. बहुतेक गाड्यांत हीटरला मिळणारं कूलंट थर्मोस्टॅटला वळसा घालून येतं. म्हणून काटा लाल रेषेकडे चालला असताना हीटर कडकडीत गरम हवा देत असेल, तर कूलंट आहे आणि पंप फिरतो आहे. अडथळा रेडिएटरच्या वाटेवर आहे. हीटरची हवा गार असेल तर कूलंट संपलं आहे किंवा पंपाने राम म्हटला आहे, आणि अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करणं हाच उपाय. अर्धा तास गाडी चालवूनही हीटर नुसताच कोमट राहत असेल, तर उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटचा संशय बळावतो.

जुन्या गाड्यांत एक सापळा आहे. त्यांच्यात पंखा चालू करणारा स्विच रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असे. थर्मोस्टॅट बंद अडकला की गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही, स्विच गारच राहतो आणि पंखा फिरत नाही. समोर काय दिसतं? इंजिन उकळतंय आणि पंखा बंद आहे. साहजिकच दोष पंख्याला जातो आणि तो ‘डायरेक्ट’ केला जातो, म्हणजे चावी फिरवली की अखंड फिरत राहील असा जोडला जातो. गाडी तरीही तापते, कारण पंखा ज्या रेडिएटरला वारा घालतोय त्यात गरम पाणीच नाही. नव्या गाड्यांत पंख्याचा हुकूम बहुधा इंजिनावरच्या सेन्सरकडून ईसीयूमार्फत सुटतो, त्यामुळे हा घोटाळा होत नाही. पण नव्या गाडीचा पंखा डायरेक्ट केला, तर धडधाकट थर्मोस्टॅट असूनही सकाळी इंजिन गरम व्हायला उशीर लागू शकतो आणि बदनाम पुन्हा थर्मोस्टॅटच होतो.

चाल पाहायची कशात? डॅशबोर्डच्या काट्यावर पूर्ण विसंबता येत नाही. पुष्कळ गाड्यांत ग्राहक घाबरू नये म्हणून काटा एका रुंद पट्ट्यात मधोमध थांबेल असाच घडवलेला असतो. आत ७५ असो वा १००, काटा जागचा हलत नाही. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, इंजिन गार असेपर्यंत निळा दिवा आणि अति तापल्यावर लाल. निळा दिवा विझला म्हणजे इंजिन पूर्ण गरम झालं असा समज आहे, पण तो ठरलेल्या तापमानाच्या बराच आधी विझतो. हायवेवर निळा दिवा पुन्हा लागला तर मात्र ती साक्ष पक्की समजावी. याहून चांगली सोय म्हणजे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर. आता तो स्वस्त झाला आहे आणि मोबाइलवर कूलंटच्या तापमानाचा आलेख काढून देतो. फक्त आलेखावर विश्वास ठेवण्याआधी साक्षीदार खरा आहे का ते पाहावं. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचायचं. दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या जवळपास आणि एकमेकांशी जुळणारे हवेत. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी हवा १४ आणि कूलंट उणे २० दाखवत असेल, तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचा आहे.

स्कॅनर नसला तरी हात आहेत. गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला मधून मधून हात लावायचा. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट याच पाइपच्या मुळाशी, इंजिनातून कूलंट बाहेर पडतं तिथे असतो. निरोगी असेल तर पाइप काही मिनिटं गारच राहतो आणि मग बघता बघता चटका बसेल इतका तापतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप मिटलेली नाही. इंजिन तापून धोक्याला पोचलं आणि पाइप तरीही गारच, तर झडप उघडलेली नाही. पण अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपच्या बाजूला, कूलंट परत इंजिनात शिरतं तिथे असतो. तिथे वरचा पाइप लवकर गरम होणं स्वाभाविक आहे आणि साक्ष खालच्या पाइपची घ्यावी लागते. आपल्या गाडीत तो कुठे आहे हे आधी जाणून न घेतल्याने पुष्कळ चांगल्या थर्मोस्टॅटना शिक्षा झाली आहे. हात घालताना पंखा आणि पट्ट्यांपासून बोटं, ओढणी, सैल बाही दूर ठेवावी. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. आणि गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नये, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. आत हवेच्या दाबाहून सुमारे १ बार जास्त दाब असतो, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब उतरतो आणि ते एका क्षणात उकळून चेहऱ्यावर येतं. इन्फ्रारेड तापमापक असेल तर हाताऐवजी तो वापरावा, मात्र चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खोटा आकडा दाखवतो. काळ्या रबरावर किंवा धातूवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, स्कॅनर लावला की कोड येतोच. पी ०१२८ हा तो प्रसिद्ध कोड. त्याचा अर्थ असा की अपेक्षित वेळेत कूलंटचं तापमान थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या पातळीला पोचलं नाही. कोडच्या नावात थर्मोस्टॅट असला तरी कोडने त्याला दोषी ठरवलेलं नसतं. कूलंट कमी असेल, सेन्सर कमी दाखवत असेल, पंखा अखंड फिरत असेल, तरी हाच कोड येतो. कोड ही तक्रार आहे, तपास अजून बाकी असतो. शिवाय तापणाऱ्या गाडीत हा कोड कामाचा नाही, तो गारठलेल्या इंजिनासाठीच आहे.

एका जागी मात्र चालीवरून निकाल लागत नाही, हे मान्य करायला हवं. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट आणि अर्धवट चोंदलेला रेडिएटर यांची लक्षणं जवळपास सारखीच: सपाटीवर ठीक, घाटात ताप. इथे थर्मोस्टॅट बाहेर काढून पातेल्यात तपासावा लागतो. तो दोऱ्याला टांगून पाण्यात सोडायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, सोबत तापमापक लटकवायचा आणि पाणी सावकाश तापवायचं. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे झडप हलायला लागली पाहिजे आणि पुढे साधारण ८ ते १० मिलिमीटर उघडली पाहिजे. गार होताना ती पूर्ण मिटते का हेही पाहायचं, कारण बरेच जण उघडताना पाहून गॅस बंद करतात. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळतं, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९६ च्याही थोडं खाली. ८८ चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडायला १०० च्या जवळपास मागतो, म्हणून डोंगरावरच्या गॅरेजमधल्या पातेल्यात तो शेवटपर्यंत उघडला नाही तर लगेच फेकू नये. तेवढ्याच आकड्याचा नवा थर्मोस्टॅट शेजारी टांगून तुलना करावी. आणखी एक गफलत: काही थर्मोस्टॅट इंजिन अति तापलं की मुद्दाम उघडे कुलूपबंद होतील असे बनवलेले असतात. गाडी तापली, थर्मोस्टॅट काढला, तो उघडाच सापडला, म्हणजे दोष त्याचाच, असा निष्कर्ष अशा वेळी फसवा ठरतो. तो परिणाम असू शकतो, आणि कारण दुसरीकडेच असू शकतं.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. थर्मोस्टॅट स्वस्त आहे. तपासत बसण्यापेक्षा नवा टाकून मोकळं व्हावं. जुन्या धाटणीच्या सुट्या थर्मोस्टॅटच्या बाबतीत हे मला बरंचसं पटतं, विशेषतः गाडी लाखभर किलोमीटर चाललेली असेल आणि पंपासाठी कूलंट काढलेलंच असेल तर. पण आता तो अनेकदा प्लॅस्टिकच्या हाउसिंगसकट एकसंध येतो आणि त्याची किंमत काही हजारांत जाते. काही गाड्यांत मेणाच्या कुपीत छोटा विद्युत हीटर बसवलेला असतो. हलक्या भाराला इंजिन १०० च्या वर चालवून इंधन वाचवायचं आणि जोर लागला की झडप लवकर उघडून गार करायचं, असा हुकूम ईसीयू देतो. तिथे दोष झडपेचा की वायरिंगचा हे पाहिल्याशिवाय पार्ट बदलणं म्हणजे जुगार. आणि किंमत बाजूला ठेवली तरी एक धोका उरतो: नवा थर्मोस्टॅट टाकला म्हणून दुरुस्ती झाली असं मानून माणूस चोंदलेल्या रेडिएटरसकट घाटात जातो, आणि वाकलेलं हेड घेऊन परत येतो. न तपासता काढणं आणि न तपासता बदलणं यात मला फार अंतर दिसत नाही.

बदलायचं ठरलं तर आकडा मूळचाच हवा. तापते म्हणून ८८ च्या जागी ७६ चा बसवून काही साधत नाही, कारण थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यानंतर गार करण्याची ताकद रेडिएटर, पंखा आणि पंप यांचीच असते. कमी आकडा ती ताकद वाढवत नाही, झडप लवकर उघडतो इतकंच. झडपेच्या कडेला हवा सुटण्यासाठी बारीक भोक किंवा हलणारी पिन असते, ती बसवताना सहसा वरच्या बाजूला यायला हवी. नाहीतर आत हवेचा गोळा अडकतो, मेणाच्या कुपीला गरम पाण्याऐवजी हवा लागते आणि नवाकोरा थर्मोस्टॅट उशिरा उघडतो. कंपनीने सांगितलेलं कूलंट भरून हवा पूर्ण काढावी, गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी घालावी. मग जुना थर्मोस्टॅट मेकॅनिककडून मागून घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी रात्रभर गार झाल्यावर तीच चाचणी पुन्हा करावी: पाइप किती वेळ गार राहतो, कधी एकदम तापतो, हायवेवर आकडा टिकतो का. आलेख आधीच्याच वळणाने गेला तर थर्मोस्टॅटमध्ये दोष नव्हता. जुना पातेल्यात टांगून पाहिला की तेही कळेल, आणि तपास रेडिएटरपासून नव्याने सुरू करता येईल.